छोट्या माध्यमिक शाळेत मुलांची प्रगती कशी मोजावी: कोकणातल्या शाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या, आठवी ते दहावी मिळून पन्नास-साठ पट असलेल्या शाळांसाठी आहे. मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि शाळा समितीचे सदस्य नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. मोठ्या शाळांसाठी तयार झालेले तक्ते अशा शाळेत जसेच्या तसे चालत नाहीत. ते कुठे अडतात हे बऱ्याच उत्तरांत येईल.

आमचा दहावीचा निकाल १०० टक्के लागला. मग आणखी काय मोजायचं?

कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. रायगड मुंबई विभागात येतो. हा विभाग दहावीत राज्यात सातत्याने पहिला राहिला आहे. २०२३ ला ९८.११ टक्के, २०२४ ला ९९.०१ आणि २०२५ ला ९८.८२. शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव मुलं जिथे पास होतात तिथे शंभर टक्के निकाल अभिनंदनाचा आहे, पण त्यातून शाळेबद्दल फारसं काही कळत नाही. पस्तीस गुणांवर सुटलेला मुलगा आणि ब्याण्णव मिळवलेली मुलगी या आकड्यात सारखीच मोजली जातात.

त्यामुळे निकालाच्या दिवशी तीन गोष्टी वेगळ्या काढा. प्रत्येक विषयात मधल्या मुलाला किती गुण पडले? प्रत्येक विषयात ३५ ते ४४ या पट्ट्यात कितीजण आहेत? आणि आठवीत दाखल झालेल्यांपैकी कितीजण दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचले? तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तोच बहुतेक शाळांच्या फळ्यावर नसतो.

पट बारा-पंधरा असेल तर टक्केवारी काढावी की नाही?

काढा, पण एकट्या वर्षाच्या टक्केवारीवर निर्णय घेऊ नका. १४ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ७.१४ टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की निकाल १०० वरून ९२.८६ वर येतो. त्यात शिकवण्याचा काही संबंध नसतो.

उलट बाजूही बघा. समजा प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता ९० टक्केच आहे. तरी १२ च्या १२ पास होण्याची शक्यता सुमारे २८ टक्के निघते. म्हणजे साधारण चार वर्षांत एकदा शंभर टक्के निकाल नुसत्या योगायोगाने लागू शकतो.

उपाय सोपा आहे. तीन वर्षांची मुलं एकत्र मोजा. १२, १५ आणि ११ असा पट असेल तर एकूण ३८. त्यातली दोन नापास असतील तर ३६ भागिले ३८, म्हणजे ९४.७ टक्के. तीन वर्षांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी मात्र काढू नका, त्यात लहान वर्गाला मोठ्या वर्गाइतकंच वजन मिळतं.

सरासरी गुणांऐवजी मधल्या मुलाचे गुण घ्या. गुण उतरत्या क्रमाने लावले की १५ जणांत आठवा, १४ जणांत सातवा आणि आठवा यांच्या मधला. लहान वर्गात एक अतिहुशार मूल किंवा कायम गैरहजर असलेलं एक मूल सरासरी चार-पाच गुणांनी सहज हलवतं. मधला आकडा तसा हलत नाही.

गेल्या पाच-सात वर्षांचे निकाल आलेखात मांडले तर चालेल का?

चालेल, पण आलेखावर परीक्षेची पद्धत कधी बदलली ते लिहा. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, २०१९ ला ७७.१० झाला आणि २०२० ला ९५.३० वर गेला. मुलं एका वर्षात कच्ची होऊन पुढच्या वर्षी हुशार झाली नाहीत. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ ला लेखी परीक्षाच नव्हती आणि कोकणचा निकाल १०० टक्के लागला. २०२२ ला अभ्यासक्रम कमी केलेला होता आणि पेपर आपापल्या शाळेत झाले.

शाळेचा आकडा एकटा न मांडता त्याच वर्षीच्या विभागाच्या आकड्याशेजारी मांडा. शाळा आणि विभाग यांच्यातला फरक वर्षानुवर्षं कसा बदलतो, ते बघण्यासारखं असतं.

आठवी ते दहावीचा हिशोब नेमका कसा ठेवायचा?

जनरल रजिस्टरवरून आठवीच्या जूनची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीन वर्षांनी काय झालं ते लिहा. समजा २०२२ च्या जूनमध्ये आठवीत १८ मुलं होती आणि २०२५ च्या परीक्षेला त्यांतली १३ बसली. तेराही पास. फळ्यावर १०० टक्के. उरलेली पाच कुठे गेली? दोघांनी दाखला नेला आणि ती मुंबईच्या शाळेत दाखल झाल्याची खात्री झाली. एकजण नववीत राहिला. एकीला १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरायला लावला. एकजण बोटीवर कामाला गेला. बदलून गेलेले दोघे वजा केले तर १६ पैकी १३, म्हणजे ८१ टक्के. ही शाळेची खरी टक्केवारी.

दाखला नेला म्हणजे दुसरीकडे दाखल झाला असं धरू नका. दुसऱ्या शाळेकडून मागणी किंवा नोंद आली नसेल तर ते नाव गळतीत धरा.

नववीत कच्च्या मुलाला थांबवणं चूक आहे का?

मुलाला खरंच आणखी एक वर्ष हवं असेल, त्या वर्षात वेगळं काय शिकवणार हे ठरलं असेल आणि पालकांना ते समजावलं असेल, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. दहावीचा निकाल बिघडेल म्हणून थांबवणं किंवा बाहेरून बसवणं हे मात्र मुलाचं नुकसान करून शाळेचा आकडा राखणं आहे. नववीत राहिलेली बरीच मुलं दुसऱ्या वर्षी शाळेत येतच नाहीत, विशेषतः आंबा-काजूच्या बागेत किंवा बंदरावर रोजगार मिळत असेल तेव्हा. नववीचा आणि दहावीचा निकाल नेहमी शेजारी शेजारी ठेवा. नववीत १५ पैकी ३ थांबले आणि दहावीत सगळे पास, हे दोन आकडे मिळूनच एक निकाल होतो.

आठवीत येणाऱ्या मुलांची सुरुवातीची चाचणी कशी घ्यावी?

कोकणात बऱ्याच वाड्यांतली जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंत असते. तीन-चार शाळांतली मुलं एकत्र आठवीत येतात आणि प्रत्येकाची तयारी निराळी असते. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेका मुलाला जवळ बसवून दहा मिनिटं द्या.

वाचायला सहावीच्या मराठी पुस्तकातला न शिकवलेला दहा-बारा ओळींचा उतारा द्या. मूल अडखळत असेल तर तिसरीचा. वाचून झाल्यावर तीन प्रश्न तोंडी विचारा, त्यातला एक उताऱ्यात सरळ न लिहिलेला असावा. गणितात हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार, अपूर्णांकांची एक बेरीज आणि शेकडेवारीचं एक उदाहरण. इंग्रजीत पाच सोपी वाक्यं वाचून अर्थ सांगणं. एवढं पुरे.

गुण देऊ नका. येतं, मदतीने येतं, येत नाही, एवढंच लिहा. तीच चाचणी दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये वेगळ्या उताऱ्यावर, वेगळ्या आकड्यांवर घ्या. वर्गात एकत्र लेखी चाचणी घेतली तर शेजाऱ्याचा भागाकार उतरवलेला कळत नाही. म्हणून एकेकाला बसवायचं.

सातवीच्या प्रगतिपुस्तकात अ-२ आहे, पण भागाकार येत नाही. असं कसं?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सातवीला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाला ४० आणि संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला) ६० टक्के वजन असतं, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. आकारिकात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं आहेत. पद्धत चांगली आहे. बिघडते ती नोंदी वर्षाअखेर एका बैठकीत भरल्या जातात तेव्हा. मग सगळ्यांचा प्रकल्प चांगला, सगळ्यांचं निरीक्षण समाधानकारक, आणि अ-२ म्हणजे ८१ ते ९० हा पट्टा अर्ध्या वर्गाला लागतो.

प्राथमिक शिक्षकांना दोष देऊन मूल पुढे सरकत नाही. श्रेणी बाजूला ठेवा, जूनच्या चाचणीत काय दिसलं ते धरा आणि जमलं तर दिवाळीच्या सुट्टीआधी त्या शाळेच्या गुरुजींशी बसून बोला. पुढच्या वर्षीची मुलं अजून त्यांच्याकडे आहेत. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापासांना पुनर्परीक्षा आली आहे, त्यामुळे आठवीतलं दुर्लक्ष आता लवकर दिसतं.

प्रश्ननिहाय विश्लेषण म्हणजे काय, आणि ते छोट्या शाळेत जमतं का?

छोट्या शाळेतच ते चांगलं जमतं. पंधरा उत्तरपत्रिका म्हणजे एका दुपारचं काम.

चौकोनी कागद घ्या. आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. गणित भाग २ घ्या: ४० गुण, २ तास. प्रश्न १ मध्ये बहुपर्यायी ४ आणि छोटे ४, प्रश्न २ मध्ये कृती ४ आणि उदाहरणं ८, प्रश्न ३ मध्ये कृती ३ आणि उदाहरणं ६, प्रश्न ४ ला ८, प्रश्न ५ ला ३. प्रत्येक चौकोनात मिळालेले गुण लिहा. मूल प्रश्नाला हातच लावत नसेल तर शून्य न लिहिता फुली मारा. न सोडवणं आणि चुकणं यांची कारणं वेगळी असतात.

मग रकान्याची बेरीज करून ती प्रश्नाचे कमाल गुण गुणिले मुलं या संख्येने भागा. ४ गुणांचा प्रश्न, १५ मुलं, म्हणजे ६०. मिळाले १५, तर ०.२५. साधारण ०.३० च्या खाली असेल तर तो घटक वर्गाला पुन्हा शिकवायचा. ०.३० ते ०.७० मध्ये असेल तर ठरावीक मुलांना बसवून घ्यायचं. पर्यायी प्रश्न असतील तर किती मुलांनी तो निवडला ते आधी बघा आणि तेवढ्यांनीच भागा.

एखादा प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत फरक करतो का हे बघायला मूल्यमापनाच्या पुस्तकात एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायला सांगतात. पंधरा मुलांत ते चार-चार होतात. त्याऐवजी वरचे पाच आणि खालचे पाच घ्या. एखादा प्रश्न खालच्या पाचांना वरच्यांपेक्षा चांगला आला तर बहुतेक वेळा प्रश्नच संदिग्ध असतो किंवा उत्तरसूची चुकलेली असते. मुलांना बोलावण्याआधी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचा.

एवढं करून हा कागद कपाटात गेला तर दुपार फुकट. प्रत्येक विषयातले सर्वांत कमी आलेले दोनच घटक निवडा आणि त्यांचे जादा तास वेळापत्रकात तारखेसह लिहा. सराव परीक्षा जानेवारीत होते, त्यानंतर हातात चार-पाच आठवडेच उरतात. दोनपेक्षा जास्त घटक घेतले तर एकही नीट होत नाही.

अंतर्गत गुण सगळ्यांना १८-१९ देतो. त्यात काय बिघडतं?

मूल पास होतं, पण तुमच्या हातातलं एक साधन जातं. अंतर्गत २० पैकी १८ म्हणजे ९० टक्के. त्याच मुलाला लेखीत ८० पैकी ३२ म्हणजे ४० टक्के. पन्नासचा फरक. एकूण ५० दिसतात आणि पालकांना वाटतं, बरं चाललंय. अकरावीला विज्ञान घेतल्यावर खरी अवस्था कळते, तेव्हा मूल तालुक्याच्या गावात एकटं असतं.

प्रत्येक विषयाचे अंतर्गत टक्के आणि लेखी टक्के शेजारी लिहा. वर्गातल्या मधल्या मुलाचा फरक ३० च्या वर असेल तर त्या विषयाचे अंतर्गत गुण कशावर दिले याच्या वह्या काढून बघा. तोंडी परीक्षेत प्रत्येक मुलाला कोणते प्रश्न विचारले ते दोन ओळींत लिहून ठेवायची सवय लावली तर बरंच सुधारतं.

सगळी मुलं ओळखीची, अक्षरसुद्धा ओळखतो. तपासणी निष्पक्ष कशी ठेवायची?

हस्ताक्षर लपवता येत नाही, पण परिणाम कमी करता येतो. तपासणीआधी गुणदान योजना लिहून काढा: कोणत्या पायरीला किती, आकृतीला किती, एकक विसरला तर किती वजा. मग सगळ्यांचा प्रश्न १ तपासा, नंतर गठ्ठा उलटसुलट करून सगळ्यांचा प्रश्न २. एकेक उत्तरपत्रिका सलग तपासली की पहिल्या पानाचं मत शेवटच्या पानापर्यंत जातं.

जवळच्या शाळेशी ठरवून प्रत्येक विषयाच्या तीन उत्तरपत्रिका अदलाबदल करा: एक वरची, एक मधली, एक खालची. गुणांचे आकडे आत लिहू नका, वेगळ्या कागदावर ठेवा. ८० पैकी ८ पेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसायचं. फरक बहुधा भाषेच्या निबंधात आणि भूगोलाच्या दीर्घोत्तरांत सापडतो.

तयार छापील प्रश्नपत्रिका घ्यावी की स्वतः काढावी?

सहामाही आणि सराव परीक्षेला तयार घ्यायला हरकत नाही, इतर शाळांशी तुलना होते. घटक चाचणी मात्र स्वतः काढा. तयार संच बऱ्याचदा आधीच खाजगी क्लासपर्यंत पोचलेले असतात.

मुलं विज्ञानाच्या पेपरात मालवणीत लिहितात. गुण कापायचे का?

विज्ञान, भूगोल, इतिहासात संकल्पना बरोबर असेल तर शाळेच्या परीक्षेत कापू नका. ‘पानी तापला की तेची वाफ होता’ हे उत्तर बरोबर आहे. पण बोर्डाचा परीक्षक गावातलाच असेल असं नाही. त्याला ‘होता’ हा भूतकाळ वाटेल आणि वाक्य चुकलेलं दिसेल. म्हणून पूर्ण गुण द्या, वाक्याखाली रेघ मारा आणि शेजारी प्रमाण वाक्य लिहा. नववीच्या सुरुवातीपासून हे केलं तर दहावीपर्यंत मूल दोन्ही भाषा सहज वापरतं. गुण कापले तर ते लिहायचंच बंद करतं आणि कोऱ्या पानावर कुणीच गुण देऊ शकत नाही. संगमेश्वरी किंवा दालदी बोलणाऱ्या मुलांनाही हेच लागू.

मराठीच्या पेपरात व्याकरण आणि लेखननियमांच्या प्रश्नांना नियमाप्रमाणेच गुण द्या.

हजेरीचा आणि गुणांचा संबंध कसा तपासायचा?

वर्षाची एकूण हजेरी बघून काही कळत नाही. महिन्यागणिक बघा. जुलैत लावणी असते आणि साकवावरून पाणी जातं, तेव्हा पलीकडच्या वाडीची मुलं दोन-दोन दिवस येऊ शकत नाहीत. मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली की बंदराकडच्या घरांतली मोठी मुलं गळायला लागतात. मग गणपती. फेब्रुवारीपासून काजू. आणि शिमगा, पालखी, रात्रीची जागरणं बहुतेक वर्षी नेमकी बोर्डाच्या पेपरांच्या दिवसांत.

कॅटलॉगवरून (हजेरीपटावरून) ज्या दिवसांत मूल नव्हतं त्या दिवसांत कोणता घटक झाला ते शिक्षकाच्या टाचणवहीवरून जुळवा आणि प्रश्ननिहाय तक्त्यातल्या फुल्यांशी ताडून बघा. वर्तुळाचे प्रमेय जुलैत शिकवले आणि पलीकडच्या वाडीच्या चारही मुलांच्या तिथे फुल्या असतील, तर ती मुलं भूमितीत कच्ची नाहीत, ती त्या तासांना नव्हती. त्यांना ऑगस्टमध्ये चार तास दिले की काम होतं. पुढच्या वर्षी असा घटक जुलैतून हलवता येतो.

गणिताचे शिक्षक वर्षातले चार महिने नव्हते. मग मूल्यमापन कुणाचं करायचं?

आधी तासांचा हिशोब करा. समजा आठवड्याला ५ तास आणि ३६ आठवडे, म्हणजे १८०. त्यातले प्रत्यक्ष विषयशिक्षकाने घेतलेले किती, दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने सांभाळलेले किती, रिकामे किती? मुलांच्या गुणांच्या तक्त्यावर वरच्या कोपऱ्यात हा आकडा लिहा. १८० पैकी ९५ तास झालेल्या वर्गाचे गुण पूर्ण तास झालेल्या वर्गाशी ताडणं अन्यायाचं आहे. संस्थेकडे किंवा शिक्षण विभागाकडे पदासाठी पत्र देताना ‘शिक्षक कमी आहेत’ यापेक्षा हा हिशोब जास्त उपयोगी पडतो.

बाहेरच्या कोणत्या परीक्षेवरून आपली पातळी कळेल?

आठवीसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तम. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न. शालेयमध्ये विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, हे घराला मोठं असतं. शाळेसाठी तिचा उपयोग वेगळा आहे. प्रश्न बाहेरचे, तपासणी बाहेरची. दोन-तीन हुशार मुलांनाच न बसवता पात्र असलेली सगळी बसवा, तरच वर्गाचं चित्र दिसतं.

खेळ आणि चित्रकलेचे वाढीव गुण धरून टक्केवारी सांगावी का?

मुलाला मिळालेले गुण मुलाचेच, गुणपत्रकात आहेत तसेच सांगा. नमन, दशावतारासारख्या लोककलेत मेहनत घेतलेल्या मुलाचा तो हक्क आहे. शाळेच्या विश्लेषणात मात्र विषयांचे मूळ गुण घ्या. दहावीची टक्केवारी सहाशेतल्या सर्वोत्तम पाच विषयांची, पाचशेवर निघते, म्हणजे सर्वांत कच्चा विषय तिच्यात दिसतच नाही. बहुतेकांचा तो गणित किंवा इंग्रजी असतो.

एखादं मूल तोंडी सगळं सांगतं, लेखीत काहीच येत नाही. काय करावं?

तोंडी आणि लेखी गुणांतला असा मोठा फरक सहा महिने टिकला तर अध्ययन अक्षमतेची शक्यता धरून पालकांशी बोला. तपासणी होऊन शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून हे आठवीत-नववीतच सुरू करा. बोर्डाकडून तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, तीन तासांच्या पेपराला पूर्ण एक तास. दहावीच्या डिसेंबरमध्ये लक्षात आलं तर धावपळ होते आणि मूल सवलतीशिवाय बसतं.

निकाल अनपेक्षित लागला तर?

गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच सराव परीक्षेचे आणि बोर्डाचे गुण शेजारी लावा. सरावापेक्षा १५-२० गुणांनी खाली आलेल्या मुलांची छायाप्रत मागवा. मिळालेल्या छायाप्रती जपून ठेवा. परीक्षक कुठे गुण कापतो हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

एक-दोन विषयांत राहिलेल्या मुलाला एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीने, अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही असते. हे त्याच दिवशी घरी जाऊन सांगा.

पालकांना हे सगळं कसं सांगायचं?

सभेत नावं आणि गुण वाचू नका, व्हॉट्सअॅपवर यादी टाकू नका. वीस घरांच्या वाडीत ते मूल वर्षभर तोंड लपवतं. प्रत्येक पालकाला सात मिनिटं वेगळी द्या आणि तीन वाक्यं सांगा: काय येतं, काय अडलंय, पुढच्या महिन्यात शाळा काय करणार आणि घरून काय हवं. ‘अभ्यास घ्या’ असं सांगू नका. ‘रोज संध्याकाळी पाच भागाकार करून वहीवर तुमची सही’ हे करता येतं, सही अंगठ्याची असली तरी.

वडील मुंबईला असतील तर गणपतीला गावी येतात. ती भेट गणपतीच्या आसपासच ठरवा. नंतर ते शिमग्याला येतात आणि तोवर पेपर सुरू झालेले असतात.

दहावी झाल्यावरही नोंद ठेवायची का?

डिसेंबरमध्ये एकदा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे: अकरावी कोणत्या शाखेत, आयटीआय, पदविका, काम की घरी. आणि अजून तिथे टिकून आहे का. विज्ञानाला गेलेल्यांपैकी पहिल्या सहामाहीत किती अडले हे कळलं की दहावीच्या गणिताच्या गुणांवर किती विश्वास ठेवावा तेही कळतं. मुलींची नोंद वेगळी बघा. एसटीची वेळ जुळत नाही म्हणून अकरावी सोडलेल्या मुली याच यादीत सापडतात. त्यांची नावं आणि गाडीची वेळ लिहून आगाराला अर्ज द्यायला शाळेजवळ तेव्हा ठोस कागद असतो.